विजारीचा बेत

‘आज जेवायला काय बेत आहे?’ असे विचारताना आपण शिंप्याचा शब्द वापरत असतो, हे सहसा लक्षात येत नाही. बेतणे म्हणजे अंगाच्या मापाने कापडाची आखणी करणे आणि त्या आखणीवर कात्री चालवणे. हिंदीतला ‘ब्योंत’ही असाच दोन अर्थांचा आहे: कापडाची काटछाट आणि युक्ती. ‘कतर-ब्योंत’ या जोडशब्दात तो आजही कात्रीला धरून बसला आहे. मला तरी कापडाचा अर्थ आधीचा वाटतो. कापड एकदा चुकीचे कापले की ते पुन्हा अखंड होत नाही, आणि ‘जिवावर बेतले’ या वाक्प्रचारात तीच धास्ती भरलेली आहे. बेत म्हणजे नुसता विचार नव्हे. ज्याच्यानंतर कात्री चालणार आहे, असा विचार.

घरी स्वतःची विजार किंवा पायजमा शिवायला बसले की असे शब्द एकेक करून समोर येतात. कापड अंथरण्यापासून नाडी ओवण्यापर्यंत जे जे शब्द तोंडी येतात ते ऐकत गेले, की त्यांची दोन वेगळी गोत्रे दिसू लागतात. शिवलेल्या वस्तूचे आणि तिच्या भागांचे नाव बहुतेक वेळा बाहेरून आलेले. आपण हाताने जे करतो त्याचे नाव बहुतेक वेळा घरचे.

आधी वस्तूंची नावे पाहू. ‘पायजमा’ सरळ फारसी आहे: ‘पाय’ म्हणजे पाय, ‘जामा’ म्हणजे वस्त्र. ‘तुमान’ही फारसी, मूळ ‘तुंबान’. ‘सुरवार’ म्हणजे फारसी ‘शलवार’. अरबांनी तिचे ‘सिरवाल’ केले, ‘सरावील’ हे त्याचे अनेकवचन, आणि त्यावरूनच पोर्तुगिजांची ‘सेरोलास’ ही लांब अंतर्विजार झाली. ‘पाटलोण’ इंग्रजी ‘पँटलून’वरून आली. तिचे नाव व्हेनिसच्या पांतालोने या रंगमंचावरच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यावरून पडले. इटलीतल्या जुन्या विनोदी नाटकांत तो घट्ट लांब तुमान घालून येई. पुढे अमेरिकेत पँटलूनची ‘पँट्स’ झाली आणि आपल्याकडे ‘पँट’.

सर्वांत लांबचा प्रवास ‘विजारी’चा आहे. अरबी ‘इजार’ म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचे वस्त्र, न शिवलेले. हजच्या यात्रेत पुरुष जी दोन न शिवलेली वस्त्रे नेसतात त्यांतल्या खालच्या वस्त्राला आजही इजार म्हणतात, आणि त्या अवस्थेत पुरुषाला शिवलेले कपडे वर्ज्य असतात. म्हणजे शब्द सुरू झाला तो बिनशिलाईच्या वस्त्रापासून. फारसी-उर्दूच्या वाटेवर त्याला दोन पाय फुटले, नाडीला ‘इजारबंद’ म्हणू लागले, आणि मराठीत आल्यावर त्याच्या तोंडी ‘व’ बसला. हा ‘व’ काही चुकून आलेला नाही. संस्कृत इष्टकेची हिंदीत ईंट झाली, मराठीत वीट झाली. तीच सवय इजारीला लागली आणि विजार झाली. परका शब्द आपल्या तोंडाच्या वळणाने बदलला की तो परका उरत नाही, असे माझे मत आहे.

एवढी नावे बाहेरून येण्याचे कारण घोडा. दोन पायांत विभागलेले शिवीव वस्त्र घोड्यावर मांड टाकून बसणाऱ्यांना लागले. चीनमधल्या शिनजियांग प्रांतात, तुरफानजवळ यांगहाई येथील थडग्यांत लोकरीच्या विजारी सापडल्या. 2014 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा त्या इसवी सनापूर्वीच्या तेराव्या ते दहाव्या शतकांतल्या ठरल्या. जगात आजवर सापडलेल्या विजारींत त्या सर्वांत जुन्या मानल्या जातात. त्या तीन तुकड्यांच्या आहेत: दोन पाय आणि मध्ये एक जोड. प्रत्येक तुकडा हातमागावर हव्या त्या आकारातच विणलेला आहे. कापड कापलेलेच नाही. घरी विजार बेतताना उरलेल्या त्रिकोणी चिंध्या पाहून मला त्या विणकराचा हेवा वाटतो.

घोडेस्वार आपल्याकडेही आले आणि शिवलेले अधोवस्त्र भारताला फार जुने आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त राजांच्या पोशाखाचे वर्णन करताना स्वस्थान, पिंगा आणि सतुला अशी विजारीच्या प्रकारांची वेगवेगळी नावे दिली आहेत. अभ्यासक वासुदेवशरण अग्रवालांनी त्यांचा उलगडा केला. पंजाबी ‘सुत्थण’ स्वस्थानाशी जोडली जाते. ‘आपल्याकडे शिवलेले कपडेच नव्हते’ हे सरसकट विधान म्हणूनच टिकत नाही. मात्र ही नावे मराठी घरात उतरली नाहीत. मराठीपाशी आपला असा ‘चोळणा’ होता, आखूड तुमान, आणि त्याचे नाव चोळीच्या घराण्यातले. तोही आता बोलण्यातून गेला. ‘लेंगा’ तेवढा राहिला, आणि त्याची गंमत अशी की हिंदी ‘लहंगा’ बाईचा घागरा आहे, तर आपला लेंगा आजोबांचा पायजमा.

आता शिवायला बसू. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न पन्ह्याचा. ‘पन्हा’ किंवा ‘पन्ना’ म्हणजे कापडाची रुंदी. फारसीत ‘पहना’ म्हणजे रुंदीच. साध्या नाडीच्या पायजम्याला 36 इंची पन्ह्याचे सव्वादोन ते अडीच मीटर कापड पुरते, कारण एकेका पायाला अख्खा पन्हा जातो: पायाची लांबी, वर नेफ्यासाठी दोन इंच, खाली मुडपायला इंचभर, आणि धुतल्यावर कापड आटते तेवढी सवड. माझा सल्ला असा, की कापड आधी भिजवून वाळवावे आणि नंतरच बेतावे. कापड उभ्या धाग्यावर लावायचे. आडवे लावले तर विजार पायावर नीट पडत नाही.

चुडीदार शिवायचा असेल तर मात्र कापड तिरके धरावे लागते. या तिरकसपणाला शिंपी ‘उरेब’ म्हणतात. शब्द फारसी आहे, अर्थही तिथे तिरका असाच. उरेब कापड ताणले जाते, म्हणून पोटरीवर घट्ट बसूनही पाय वाकवता येतो, आणि घोट्यापाशी ज्या वळ्या पडतात त्या चुड्यांसारख्या दिसतात म्हणून तो चुडीदार. चुडी इथली, ‘दार’ फारसी: एकाच शब्दात दोन्ही घरे.

विजारीचा खरा प्रश्न आसनाचा आहे. पाय कुणीही शिवतो. दोन पाय जिथे मिळतात तिथे कापड कमी पडले तर मांडी घालून बसता येत नाही आणि फार झाले तर मध्ये झोळ येतो. मागची उंची पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी लागते, कारण बसताना कापड मागे ओढले जाते. जुन्या पद्धतीच्या पायजम्यात आणि सलवारीत दोन पायांच्या मध्ये एक वेगळा तुकडा जोडतात. उर्दू-हिंदी बोलणारे कारागीर त्याला ‘मियानी’ म्हणतात. यांगहाईच्या विजारीतला तिसरा तुकडा हाच. फारसी ‘मियान’ म्हणजे मध्य, कंबर. आणि या एका ‘मियान’ने मराठीला किती दिले पाहा: तलवारीचे ‘म्यान’, दोन गोष्टींमधले ‘दरम्यान’, आणि नवरीचा ‘मेणा’, कारण ‘मियाना’ म्हणजे मध्यम आकाराची पालखी. मेण्यातून सासरी जाणाऱ्या मुलीचे आणि पायजम्याच्या मियानीचे शब्दाने नाते लागते, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

वर येतो ‘नेफा’, ज्यातून नाडी जाते ती दुमड. फारसीतही ‘नेफा’ याच जागेचे नाव आहे; शब्द आणि वस्तू हातात हात घालून आले. त्यातून जाणारी नाडी मात्र आपली. संस्कृतात ‘नाडी’ म्हणजे पोकळ देठ, नळी, शीर. वैद्य पाहतो ती आणि पायजम्याची ती एकाच घरातल्या मानल्या जातात, आणि मोटेच्या काळात विहिरीतून पाणी ओढणारा जाड दोर तो ‘नाडा’. शेतकऱ्याच्या घरात नाडा म्हटल्यावर आधी विहीर आठवावी, कंबर नंतर, असा तो शब्द होता. आणि नाडी नेफ्यात ‘ओवायची’ असते. ओवी या छंदाचे नाव याच ओवण्याशी जोडणारे अभ्यासक आहेत.

गोव्याच्या बाजूने आलेले शब्द थोडे, पण पक्के. बटणाचे ‘काज’ म्हणजे पोर्तुगीज ‘काझा’, घर; पोर्तुगिजांना बटणाचे भोक म्हणजे बटणाचे घर वाटले. ‘फीत’ त्यांची ‘फिता’. कोकणीत विजारीला ‘कलसांव’ म्हणतात ते पोर्तुगीज ‘काल्साँव’वरून. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्याच्या इस्पितळात होता. तिथल्या विजारींबद्दल त्याने लिहून ठेवले आहे, की इकडचे पोर्तुगीज त्या घातल्याशिवाय झोपतच नाहीत. युल आणि बर्नेल यांच्या 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात पायजम्याच्या नोंदीखाली हा पुरावा दिला आहे, आणि इंग्रजांनी रात्री पायजमा घालायची सवय बहुधा पोर्तुगिजांकडून उचलली असा तर्क केला आहे. इकडचे लोक दिवसा घालत ते वस्त्र इंग्रजांच्या घरात रात्रीचे झाले, आणि आता ‘नाइट पँट’ होऊन आपल्याच दुकानांत टांगले जाते. खिसाही विसरायला नको: फारसी ‘कीसा’ म्हणजे पैशाची थैली. पूर्वी ती कमरेला बांधायची, मग ती कपड्यालाच शिवून टाकली.

एवढी उसनवारी पाहिल्यावर कुणाला वाटेल, मराठीचे स्वतःचे काय? स्वतःचे ते सारे क्रियापदात आहे. ‘शिवणे’ संस्कृत ‘सिव्’ धातूवरून आले. ‘सिध्यति’चे जसे शिजणे झाले तसेच ‘सीव्यति’चे शिवणे, कारण पुढे ‘इ’ आली की मराठीत ‘स’चा ‘श’ होतो. ‘सूत्र’ आणि ‘सूत’ याच धातूचे. इंग्रजांचे ‘सो’ आणि शल्यविशारदाचे ‘सूचर’ हेही याच फार जुन्या कुळातले. ‘शिंपी’ संस्कृत ‘शिल्पिन्’वरून, प्राकृत ‘सिप्पि’च्या वाटेने आला. म्हणजे नामदेवांच्या जातीच्या नावातच शिल्पकार आहे. आणि ‘उसवणे’? तेही ‘सिव्’च, फक्त आधी ‘उद्’ लागलेला. शिवणे आणि उसवणे ही एकाच धातूची दोन लेकरे आहेत, आणि घरी शिवणाऱ्याला दोन्ही सारखीच लागतात. विजार शिवायला शिकायची उत्तम वाट म्हणजे अंगाला नीट बसणारी एक जुनी विजार पूर्ण उसवणे, तुकडे इस्त्री करून कागदावर ठेवणे आणि त्यांच्याभोवती रेघ मारून घेणे. कुठल्याही पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हा कागद खरा असतो.

मग क्रियापदे ओळीने येतात. आधी टाचायचे, धावदोरा घालायचा. एकेका पायाची आतली शिवण घालायची. मग एक पाय सुलटा करून उलट्या राहिलेल्या दुसऱ्या पायात घालायचा, आसनाची गोलाई जुळवायची आणि तिच्यावर दुहेरी टीप मारायची, कारण विजार फाटते ती तिथेच. मग नेफा दुमडायचा, खालची कड मुडपायची, दोरे तोडायचे, नाडी ओवायची.

ही क्रियापदे का टिकली याचे मला सुचणारे उत्तर असे. दरबाराचा पोशाख बदलत गेला, त्याची नावे दरबाराच्या भाषेत राहिली. पण झबली, कुंच्या, चोळ्या, गोधड्या घरातल्या बायका शिवत होत्या, आणि त्यांच्या बोटांना जे येत होते त्याची नावे कुणी बदलली नाहीत. विजार घरात शिवली जाऊ लागली तेव्हा ती त्यांच्या क्रियापदांत आली. वस्तू परकी होती, शिवणे आपले होते.

आता धोका आहे तो या क्रियापदांनाच. पायजमा, नेफा, खिसा हे शब्द फारसी आहेत म्हणून काढून टाका असे मी कधीच म्हणणार नाही. ते शेकडो वर्षे आपल्या अंगावर आहेत. मात्र ‘कट केले’, ‘स्टिच केले’, ‘अल्टर करून आणले’ असे आपण म्हणू लागलो तेव्हा बेतणे, टाचणे, मुडपणे, उसवणे ही घरातली शब्दसंपत्ती हातून निसटू लागली. एखादे नाव गेले तर वस्तूला दुसरे नाव मिळते. क्रियापद गेले की हाताची एक रीत सांगायला शब्दच उरत नाही. मुडपणे आणि दुमडणे यांतला फरक ‘फोल्ड’ या एका शब्दात कसा सांगाल?

तुमच्या घरात शिवणयंत्र असेल तर या सुट्टीत एक साधा पायजमा बेता. शेजारी मूल बसले असेल तर त्याला कापड धरायला सांगा, आणि हाताने जे चालले आहे त्याचे नाव मोठ्याने घ्या. तुमच्या आजीकडे, गावच्या शिंप्याकडे शिवणाचे आणखी शब्द असतील, तर ते आताच विचारून वहीत उतरवून ठेवा.