मॉरिशस: यवतमाळ जिल्ह्याहून लहान देशाचं भारताशी एवढं घट्ट नातं कसं?

यवतमाळ जिल्ह्यातलं मुकुटबन हे तेलंगणाच्या सीमेजवळचं गाव. झरी जामणी तालुक्याच्या या पट्ट्यात मराठी आणि तेलुगू शेजारी-शेजारी नांदतात; गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी साजरे होतात. इथून साधारण पाच हजार किलोमीटर दूर, आफ्रिकेच्या बाजूला हिंदी महासागरात एक बेट आहे. तिथेही मराठी आणि तेलुगू भाषकांचे वेगळे समाज आहेत, उगादीची सार्वजनिक सुट्टी आहे आणि गणेश चतुर्थीचीही आहे. तो देश म्हणजे मॉरिशस.

मॉरिशसचं क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. एकट्या यवतमाळ जिल्ह्याचं साडेतेरा हजारांहून अधिक. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या यवतमाळच्या निम्म्याहूनही कमी. तरीही २००० सालापासून भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीचा जवळपास पाव हिस्सा कागदोपत्री या देशातून आलेला आहे. अमेरिका, जपान, ब्रिटन मागे, आणि ऊस पिकवणारं एक बेट पुढे! हे कसं झालं, हे समजून घ्यायचं तर आधी कोकणात जावं लागतं.

कोकणातून मॉरिशसला कोण गेलं?

मॉरिशसवर आधी डच, मग फ्रेंच आणि १८१० पासून इंग्रजांचा ताबा होता. इंग्रजांनी सुरुवातीला तिथे भारतातले कैदी पाठवले. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यातून सुमारे दीड हजार जन्मठेपेचे कैदी रस्ते बांधायला नेले गेले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन बेटावर आला, तेव्हा त्यानेही हे कैदी पाहिले आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांच्याबद्दल लिहिलं.

१८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले. त्याची तजवीज आदल्या वर्षीच सुरू झाली होती. नोव्हेंबर १८३४ मध्ये 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या आठ-नऊ दशकांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे गेली. मुंबईहून गेलेल्यांची संख्या तुलनेने कमी होती. त्यांच्यात रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातल्या कुटुंबांचा मोठा भरणा होता. आज मॉरिशसमधले मराठी लोक तिथल्या लोकसंख्येच्या साधारण दोन टक्के मानले जातात.

करार ठरावीक वर्षांचा आणि पगार महिन्याला पाच रुपये. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. मजुरांबरोबर भारतीय रुपयाही बेटावर इतका रुळला, की १८७० च्या दशकात मॉरिशसने आपलं चलन ठरवलं तेव्हा त्याचं नाव रुपयाच राहिलं. मजूर जिथे उतरत, त्या 'आप्रवासी घाट'ला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

दोन देशांचे अधिकृत संबंध कधीपासून?

राजनैतिक संबंध १९४८ पासूनचे आहेत, म्हणजे मॉरिशस स्वतंत्र होण्याच्या वीस वर्षं आधीपासूनचे. महात्मा गांधी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना काही दिवस या बेटावर राहिले होते. पुढे १९०७ मध्ये मजुरांचे खटले लढवायला बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथे गेले. मॉरिशसचा राष्ट्रीय दिन १२ मार्चला असतो, कारण १९३० मध्ये त्याच तारखेला दांडीयात्रा सुरू झाली होती. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी या दिवसाचे प्रमुख पाहुणे होते.

मग गुंतवणुकीचा हा 'मॉरिशस मार्ग' काय आहे?

१९८२ मध्ये दोन्ही देशांनी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार केला. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर लावू नये, एवढाच त्याचा साधा हेतू. करारात एक कलम होतं: मॉरिशसच्या रहिवाशाने भारतीय कंपनीचे शेअर विकून नफा कमावला, तर त्यावर कर लावण्याचा अधिकार मॉरिशसला असेल, भारताला नाही.

गंमत अशी, की मॉरिशस अशा भांडवली नफ्यावर करच लावत नव्हता. त्यामुळे दोनदा कर लागू नये म्हणून केलेल्या कराराखाली कर एकदाही भरावा लागत नसे.

सुरुवातीची काही वर्षं याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण तेव्हा भारतीय शेअर बाजार परदेशी गुंतवणूकदारांना खुलाच नव्हता. १९९१ नंतर चित्र बदललं आणि १९९२ मध्ये मॉरिशसनेही परदेशी कंपन्यांसाठी खास कायदा केला. समजा, लंडनमधल्या एखाद्या फंडाला मुंबईत पैसे गुंतवायचे आहेत. तो पोर्ट लुईमध्ये एक कंपनी नोंदवायचा, तिथल्या कर खात्याकडून रहिवासी असल्याचा दाखला घ्यायचा आणि त्या कंपनीच्या नावाने शेअर घ्यायचा. कंपनीचं ऑफिस म्हणजे अनेकदा दुसऱ्याच कुणाच्या ऑफिसमधला एक पत्ता असे.

भारतातलाच पैसा आधी बाहेर नेऊन मॉरिशसमार्गे 'परदेशी' म्हणून परत आणल्याचा आरोप त्या काळापासून होत आला. परदेशी गुंतवणूकदाराने कर वाचवला तर त्याला निदान गुंतवणुकीची किंमत म्हणता येतं. घरचाच पैसा फिरून आला, तर देशाच्या हाती तेही पडत नाही.

२००० मध्ये कर अधिकाऱ्यांनी अशा काही कंपन्यांना नोटिसा पाठवल्या आणि बाजार घसरला. त्यावर १३ एप्रिल २००० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ७८९ क्रमांकाचं परिपत्रक काढलं: मॉरिशसचा रहिवासी दाखला असेल, तर तोच पुरेसा पुरावा समजावा. दिल्ली उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑक्टोबर २००३ मध्ये 'आझादी बचाओ आंदोलन' खटल्यात ते वैध ठरवलं. विकसनशील देश भांडवल खेचण्यासाठी अशी सवलत जाणूनबुजून देऊ शकतो, असा त्या निकालाचा एक महत्त्वाचा मुद्दा होता. म्हणजे पळवाट होती, पण ती सरकारने उघड्या डोळ्यांनी ठेवलेली होती.

दाभोळ प्रकल्पाशी मॉरिशसचा काय संबंध?

मराठी वाचकाला हा मार्ग सगळ्यात जवळून दिसला तो रत्नागिरी जिल्ह्यात. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलचा दाभोळ वीज प्रकल्प एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या तीन अमेरिकी कंपन्यांचा म्हणून ओळखला जातो. पण त्यांची भागीदारी मॉरिशसमध्ये नोंदवलेल्या कंपन्यांच्या नावावर होती. ज्या जिल्ह्यातली माणसं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी त्या बेटावर ऊस तोडायला गेली होती, त्याच जिल्ह्यात त्याच बेटाच्या पत्त्याने डॉलर आले.

२००१ मध्ये विजेचे दर आणि थकलेली बिलं यांवरून राज्य वीज मंडळ आणि दाभोळ कंपनी यांच्यातला वाद विकोपाला गेला आणि प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षअखेर एन्रॉन दिवाळखोर झाली. तेव्हा मॉरिशसचा पत्ता दुसऱ्या कामी आला. भारत आणि मॉरिशस यांनी १९९८ मध्ये गुंतवणूक संरक्षण करार केला होता. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांच्या मॉरिशसमधल्या कंपन्यांनी त्याचा आधार घेऊन भारत सरकारला आंतरराष्ट्रीय लवादात खेचलं. कंपन्यांचे मूळ मालक अमेरिकी, भांडण महाराष्ट्रातल्या विजेचं आणि करार मॉरिशसचा, असा हा मामला होता. २००५ मध्ये लवादाचा एक वेगळा निकाल राज्य सरकार आणि वीज मंडळाच्या विरोधात गेला आणि त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांशी तडजोड करून प्रकरण मिटवण्यात आलं. गुंतवणूक संरक्षणाचा हा करार भारताने २०१७ मध्ये संपुष्टात आणला.

हा मार्ग आता बंद झाला का?

बराचसा. १० मे २०१६ रोजी कर करारात दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेले शेअर विकले, तर नफ्यावरचा कर भारत लावतो. पहिली दोन वर्षं अटींवर निम्म्या दराची सवलत होती, ती मार्च २०१९ मध्ये संपली. त्याआधी घेतलेल्या शेअरना मात्र दुरुस्तीतून वगळण्यात आलं. मार्च २०२४ मध्ये आणखी एका दुरुस्तीवर सह्या झाल्या. तिच्यात 'मुख्य हेतू' ही कसोटी आहे: व्यवहाराचा एक मुख्य हेतू करसवलत मिळवणं हाच असेल, तर सवलत नाकारता येईल.

त्यानंतर सिंगापूरने मॉरिशसला मागे टाकलं. २०२३-२४ मध्ये सिंगापूरहून सुमारे पावणेबारा अब्ज डॉलर आले, मॉरिशसहून आठ अब्जांच्या आसपास. तरीही साधारण १५ अब्ज डॉलरची अर्थव्यवस्था असलेल्या देशाच्या नावावर हा आकडा अचंबित करणाराच आहे.

मॉरिशसच्या बाजूनेही पाहायला हवं. साखरेच्या भावावर अवलंबून असलेल्या या देशाने आधी कापड उद्योग, मग पर्यटन आणि मग वित्तसेवा उभी केली. पोर्ट लुई आणि एबेनमधल्या वकील, लेखापाल आणि बँक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या भारतासोबतच्या करारावर बऱ्याच प्रमाणात अवलंबून होत्या. म्हणूनच दुरुस्तीची बोलणी वर्षानुवर्षं रेंगाळली. फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या 'ग्रे लिस्ट'मध्येही मॉरिशसचं नाव होतं.

मालाचा व्यापार किती?

गुंतवणुकीच्या मानाने अगदीच थोडा. २०२३-२४ मध्ये दोन्ही बाजूंचा मिळून सुमारे ८५ कोटी डॉलर, त्यात भारताची निर्यातच ७८ कोटींच्या घरात. १ एप्रिल २०२१ पासून दोन देशांत सर्वसमावेशक आर्थिक सहकार्य करार लागू आहे. आफ्रिकेतल्या देशाशी भारताने केलेला अशा प्रकारचा हा पहिला करार. त्यात मॉरिशसच्या खास प्रकारच्या साखरेला ठरावीक कोट्यापुरती सवलत आहे. सोलापूर-कोल्हापूरच्या कारखानदारांनी घाबरून जावं एवढा तो कोटा मोठा नाही.

मदतीचा ओघ मात्र मोठा आहे. पोर्ट लुईची मेट्रो आणि सर्वोच्च न्यायालयाची नवी इमारत भारताच्या पैशातून उभी राहिली. जानेवारी २०२१ मध्ये भारताने कोव्हिशील्ड लशीचे एक लाख डोस भेट दिले. ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआयने पैसे देता येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान नवीन रामगुलाम वाराणसीला आले, तेव्हा सुमारे ६८ कोटी डॉलरचं नवं पॅकेज जाहीर झालं.

भारत एवढा खर्च का करतो?

उत्तर समुद्रात आहे. मॉरिशसची जमीन चिमूटभर, पण त्याचं सागरी आर्थिक क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातपटीहून जास्त. आफ्रिकेला वळसा घालून येणारी जहाजं याच भागातून जातात आणि चीनचा वावरही इथे वाढला आहे.

मुख्य बेटाच्या उत्तरेला सुमारे १,१०० किलोमीटरवर अगालेगा ही दोन छोटी बेटं आहेत. २०१५ च्या समझोत्यानुसार भारताने तिथे लांब धावपट्टी आणि जेट्टी बांधली. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचं उद्घाटन झालं. अगालेगावर जेमतेम तीनशे माणसं राहतात. धावपट्टीमुळे आजारी माणसाला लवकर हलवता येईल, ही त्यांची सोय. आपल्या बेटाचा लष्करी तळ होईल आणि आपल्याला हलवलं जाईल, ही त्यांच्यातल्या काहींची भीती. तळ नाही, असं दोन्ही सरकारं सांगतात.

ही भीती उगाच नाही. १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ उभारण्यासाठी तिथल्या रहिवाशांना कायमचं बाहेर काढलं. त्यांच्यातले बरेच जण पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत येऊन पडले. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या प्रश्नावर मतदान झालं, तेव्हा भारताने मॉरिशसच्या बाजूने मत दिलं. मे २०२५ मध्ये ब्रिटनने बेटांचं सार्वभौमत्व परत देण्याच्या करारावर सही केली. दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर राहणार, असं त्यात ठरलं.

तिथल्या मराठी माणसांचं काय?

तिथल्या बहुतेक मराठी घरांत आता क्रिओल बोलली जाते. मराठी सरकारी प्राथमिक शाळांत शिकवली जाते आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतही. ही संस्था भारत आणि मॉरिशसने मिळून उभारली आहे. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' नावाने टिकून आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

या कुटुंबांना सध्या सगळ्यात थेट लागू होणारी गोष्ट म्हणजे ओसीआय कार्ड, अर्थात परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड. त्यावर भारतात व्हिसाशिवाय येता-राहता येतं. नेहमीच्या नियमात पणतू-पणतीपर्यंतच्या पिढीलाच ते मिळतं. गिरमिट्यांचे वंशज त्यापलीकडे गेले आहेत. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये सातव्या पिढीपर्यंत ही सवलत जाहीर केली. त्यासाठी मूळ पुरुष किंवा स्त्री भारतातून आल्याचा पुरावा लागतो आणि तो बहुतेकांना महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात शोधावा लागतो. तिथल्या जुन्या नोंदवह्यांत प्रत्येक मजुराचा क्रमांक, नाव, बापाचं नाव, गाव आणि जात लिहिलेली आहे. नावं ऐकून लिहिणारे कारकून मराठी जाणणारे नव्हते, त्यामुळे गावांची आणि माणसांची स्पेलिंगं वाटेल तशी आहेत. म्हणून शोध नावापेक्षा क्रमांकावरून घेतलेला बरा, आणि हा क्रमांक पणजोबांच्या जन्म किंवा विवाहाच्या दाखल्यावर बऱ्याचदा सापडतो.