माळावरचा पळस

पंचतारांकित म्हटलं की लोकांना हॉटेल आठवतं. आमच्या कागलला ती एमआयडीसी आहे. एमआयडीसी राज्यात 1962 साली निघाली, आमच्याकडं ती आली 1990 नंतर. त्याआधी कागल-हातकणंगल्याच्या शिवेवर हा मुरमाड माळ होता. दाट रान असं कधीच नव्हतं. ओढ्याकडंला, वगळीला आणि बांधावर असेल तेवढाच झाडोरा.

पंचांगातला वसंत चैत्रात लागतो. झाडं मात्र माघातच सांगायला लागतात. पहिली सावर, मग पांगारा, मग पळस. शिमगा जवळ आला की करंज आणि कडुलिंब पालवी धरतात. थंडी सरता सरता जमिनीतली ओल आटते, म्हणून झाड पानं टाकतं. उघड्या फांदीवरचं फूल लांबनं दिसतं. पळसाच्या फुलाला वास नाही, त्याचं गिऱ्हाईक म्हणजे पाखरं. साळुंक्या, शिंजीर मध प्यायला येतात, डोक्याला पराग लागतो, झाडाचं काम होतं.

ही झाडं उगंच राखलेली नव्हती. पानमळ्यात पांगाऱ्यावर वेल चढायचा. सावरीचा कापूस उशीत जायचा. पळसाच्या फुलांचा रंग रंगपंचमीला, मुळ्या ठेचून केलेला कुंचला चुना द्यायला आणि पानं पत्रावळीला. पळस फुलला की आमची आज्जी म्हणायची, "फुलं गळाली की पानं येत्यात, काड्या करून ठेवा रं." वैशाखातल्या लग्नांच्या पंगतीची तयारी अशी माघ-फाल्गुनात सुरू व्हायची. बंगालात तर या झाडावरनं गावाला नाव पडलं, पलाशी. इंग्रजांनी 1757 साली लढाई जिंकली ती प्लासी हीच.

पुढं पंगतीत प्लॅस्टिकची ताटं आली, भिंतीला डब्यातला रंग आला. पाणी आलं, ऊस आला, बांध अरुंद झाले. झाडाचं काम संपलं आणि मग त्याला कुऱ्हाड लागली. सगळा दोष कारखान्यांच्या माथी मारणं खरं नव्हं. शेड उभी राहायच्या आधीच कितीतरी झाडं गेलेली होती.

आता रस्त्याकडंला गुलमोहर आणि ग्लिरिसिडिया आहेत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तो फुलतो भर उन्हाळ्यात. ग्लिरिसिडिया अमेरिकेकडचा, थंडी सरताना पानं टाकून गुलाबी फुलतो. पाळीला जाणारी पोरं त्यालाच वसंताची खूण समजतात. समजू देत, फूल ते फूलच. पण त्याच्या फुलण्याला घरातलं एकही काम बांधलेलं नाही. म्हणून तो फुलला काय आणि राहिला काय, कुणाला फरक पडत नाही.

पळस मात्र चिवट. तोडला, जाळला तरी मुळातनं परत फुटतो. मोकळ्या प्लॉटांच्या कुंपणाकडंला त्याची तीन-तीन पानं दर पावसाळ्यात दिसतात आणि साफसफाईत कापली जातात. फुलावर यायला त्याला सलग काही वर्षं मिळायला पाहिजेत. कोपऱ्यातला एक फुटवा सोडायला ना जागा जास्त लागते, ना पैसा. कापणाऱ्याला तेवढं झाड ओळखता आलं पाहिजे. तेवढ्यासाठीच हे लिहिलं.