खडूची भूमी आणि श्रमाचे हात

इ. स. १८६८ साली इंग्लंडातील नॉर्विच शहरी टॉमस हेन्री हक्स्ले या शास्त्रज्ञाने कामगारांपुढे एक व्याख्यान दिले. विषय होता खडूचा तुकडा. सुताराच्या खिशात असतो तोच. या शहराखाली विहीर खणली तर लवकरच हा पांढरा दगड लागेल, अशी सुरुवात करून त्याने श्रोत्यांना पुरातन समुद्राच्या तळाशी नेले. पुढे सात वर्षांनी, १८७५ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ज्ञान कॉलेजच्या कुंपणात अडकून राहू नये, ही दोहोंमागची बुद्धी एकच. तेव्हा पदवीशी संबंध न आलेल्या आमच्यासारख्या युनियनच्या माणसांनी हा विषय या व्यासपीठावर घेतला, तर ते वावगे ठरू नये.

डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांपासून ससेक्स, हॅम्पशायर, डॉर्सेटपर्यंत आणि उत्तरेस यॉर्कशायरपर्यंत ही खडूची भूमी पसरली आहे. गोलसर टेकड्या, आखूड गवत, मधूनच एखादी जुनी खाण. तेथील लोक या टेकड्यांना ‘डाऊन’ म्हणतात. पाहावयास जाणाऱ्याला वाटते की, ही भूमी जशी निर्माण झाली तशीच राहिली आहे. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. हे सौंदर्य श्रमाने घडलेले आहे, आणि श्रम थांबले की ते नाहीसे होते.

दगड मात्र माणसाने केला नाही. दहा कोटी वर्षांपूर्वीपासून उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचा सडा पडत गेला. हजार वर्षांत एखाद-दोन सेंटिमीटर, अशा संथ गतीने शेकडो मीटरांचे थर साचले. त्या युगाच्या अखेरीस, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आपल्याकडे लाव्हा वाहून दख्खनचा काळा पत्थर तयार होत होता. आपल्या शाळांतील खडू बहुधा जिप्समचा असतो. हा तो नव्हे.

या दगडात चकमकीच्या गारगोटीचे पट्टे असतात. नॉरफोकमध्ये ग्राइम्स ग्रेव्ह्ज नावाचे ठिकाण आहे. गवताळ जमिनीवर चारशेहून अधिक खळगे दिसतात. पूर्वी लोक ती भुताखेतांची करणी समजत. हक्स्लेचे व्याख्यान झाले त्याच वर्षी, त्याच परगण्यात, विल्यम ग्रीनवेल या पाद्र्याने तेथे उत्खनन आरंभिले. तेव्हा कळले की, या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खाणी आहेत. हरणाच्या शिंगांची कुदळ करून माणसे दहा-बारा मीटर खोल उतरत आणि कुऱ्हाडींसाठी गारगोटी काढीत. त्या खाणकऱ्यांचे एकही नाव उरले नाही. उरली ती त्यांची शिंगे.

आता गवताकडे वळू. मूळचे रान तोडून माणसाने येथे मेंढ्या चारल्या, म्हणून हे गवत झाले. दिवसा मेंढ्या डोंगरावर चरत आणि रात्री खालच्या शेतात बसविल्या जात. आपले धनगर शेतात मेंढरे बसवितात, तीच ही रीत. डोंगराचे सत्त्व लेंडीखताच्या रूपाने रोज खाली उतरे आणि वरची जमीन हलकीच राही. हलक्या जमिनीत दांडगे गवत माजत नाही. म्हणून लहान फुलझाडांना जागा मिळते. चांगल्या ठिकाणी एका चौरस मीटरात चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती आढळतात. हा बगीचा मेंढपाळाने लावला, आणि त्याला स्वतःला त्याची कल्पनाही नव्हती.

या भूमीतल्या श्रमिकाला काय मिळाले? डॉर्सेटच्या खडूच्या मुलखात टॉलपडल नावाचे खेडे आहे. तेथील शेतमजुरांची आठवड्याची मजुरी उतरत उतरत सात शिलिंगांवर आली आणि सहाची भाषा सुरू झाली. जॉर्ज लव्हलेस व त्याच्या सोबत्यांनी १८३३ साली संघटना बांधली. बेकायदा शपथ घेतली, या सबबीवर १८३४ साली सहा जणांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊन त्यांची रवानगी ऑस्ट्रेलियात झाली. देशभर चळवळ उठली, तेव्हा कोठे १८३६ साली माफी मिळाली. कामगार चळवळीत या सहा जणांचे नाव आजही आदराने घेतले जाते. हिरव्या टेकडीचे चित्र पाहताना ते सात शिलिंग विसरू नयेत.

खाणींची कथाही अशीच. लीड्सचा गवंडी जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. खडू आणि चिखलमाती भाजून सिमेंट होते, आणि टेम्स नदीच्या मुखाकडे दोन्ही वस्तू जवळ जवळ मिळत. तेथे भट्ट्या पेटल्या आणि टेकड्या पोखरल्या गेल्या. खाणी बंद पडल्यावर ग्रेज येथील उघड्या खडूवर ऑर्किडची फुले आली व ती जागा राखली गेली. तर नदीपलीकडे केंटमधील एका खाणीत १९९९ साली ब्लूवॉटर नावाचा प्रचंड बाजार उभा राहिला. खाण सारखीच, गती निराळी. पीटरबरोजवळच्या बार्नॅकचा चुनखडक तर मध्ययुगात ईलीच्या कॅथेड्रलला गेला. १५०० सालापर्यंत तो संपला. टाकाऊ दगडांचे ते उंचवटे आज राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहेत.

दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी पुष्कळ डाऊन नांगरले गेले. पुढे रासायनिक खते आली. १९५३ साली मिक्झोमॅटोसिस या रोगाने ससे मेले आणि उरल्या गवतात झुडपे माजली. राखण करावयाची म्हणजे कुंपण घालावयाचे, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. मोठ्या निळ्या फुलपाखराने ती खोटी ठरविली. त्याची अळी एका लाल मुंगीच्या वारुळात वाढते, आणि त्या मुंगीला उन्हाने तापलेली, आखूड गवताची जमीन लागते. संग्राहकांच्या भीतीने जागा बंद केल्या, चराई थांबली, गवत उंच झाले, मुंगी गेली आणि १९७९ साली हे फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झाले. कारण उमगल्यावर १९८३ पासून स्वीडनची अळी आणून, गुरे चारून, ते पुन्हा वसविण्यात आले.

आता जाण्याच्या हक्काचा प्रश्न. १९३२ साली किंडर स्काउट या डोंगरावर बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने कामकरी तरुण जमीनदारांची मनाई मोडून चढले. तो डोंगर खडूचा नव्हे, पण हक्क साऱ्या डोंगरांचा होता. पाच जणांना तुरुंग मिळाला. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा व प्रवेशाचा कायदा झाला. १९५२ साली ससेक्समधील किंग्ली व्हेल राखीव क्षेत्र झाले. आणि २००० सालच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये पर्वत, माळ आणि ‘डाऊन’ यांवर पायी फिरण्याचा हक्क मान्य झाला. तुरुंगापासून कायद्यापर्यंत अडुसष्ट वर्षे लागली.

आपल्याकडे माळरानाला पुष्कळदा ‘पडीक’ म्हणतात आणि मेंढरांना त्याचे शत्रू समजतात. इंग्लंडच्या खडूने दिलेला धडा असा की, चराई किती व केव्हा, हे ठरवावे लागते. पण चारणाऱ्यालाच हाकलले, तर राखावयाचे तेच हातचे जाते. सोलापूरकडचा माळ असो की बंद पडलेली दगडखाण असो, तिच्याविषयी निर्णय घेताना तेथे राबलेल्या माणसाला बैठकीत जागा असली पाहिजे. ही मागणी दयेची नव्हे. त्या भूमीचा जाणकार तोच आहे.