भरपाई, वकील आणि कुंभकोणम

कुंभकोणम म्हटले की मराठी वाचकाला सर टी. माधवराव आठवावेत. तंजावरच्या मराठी परंपरेतला हा मुत्सद्दी १८२८ साली याच गावी जन्मला आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचा दिवाण झाला. प्रशासनात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला मात्र या गावाविषयी आणखी एका कारणाने कुतूहल आहे. बस वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणातून १९७२ साली येथे चोळन रोडवेज महामंडळ स्थापन झाले; १९९७ पासून ते तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळ या नावाने चालते. रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाला वकील का शोधावा लागतो, या प्रश्नाचे उत्तर मला अशा महामंडळांच्या इतिहासात दिसते.

वास्तविक कायदेकर्त्यांचा हेतू निराळा होता. पूर्वी जखमी व्यक्तीस दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे. मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली: साधा अर्ज आणि संक्षिप्त चौकशी. १९९४ च्या दुरुस्तीनंतर तर पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल पाठवावा आणि न्यायाधिकरणाने तोच अर्ज मानावा, इथपर्यंत मजल गेली. कागदावर वकिलाला फारसे कामच उरले नव्हते!

परंतु याच कायद्याने सरकारी परिवहन उपक्रमांना सक्तीच्या विम्यातून सूट मिळण्याची वाट ठेवली होती. अट एवढीच, की भरपाईसाठी उपक्रमाने स्वतःचा निधी उभारावा. त्यामुळे अशा बसखाली सापडलेल्या माणसासमोर विमा कंपनी नसते, प्रत्यक्ष शासनाचे महामंडळ असते. निवाडा होतो, पैसे मिळत नाहीत, मग दरखास्त दाखल होते. तमिळनाडूत न्यायालयाच्या बेलिफांनी बसस्थानकात उभी असलेली बस जप्त केल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याला वसुलीचा दाखलाही देऊ शकते. म्हणजे शासनाच्या एका हाताने दुसऱ्या हाताकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे पैसे वसूल करायचे. हा प्रकार पाहून माधवरावांनी काय शेरा मारला असता, कोण जाणे. जखमी शेतमजुराला ही दरखास्त एकट्याने चालवता येणे अशक्य, आणि वकिलाची खरी गरज तेथेच निर्माण झाली.

पुराव्याची अडचण वेगळीच. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरील अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले. हात गमावलेल्या सुताराचे किंवा चालकाचे नुकसान कारकुनाच्या नुकसानीहून फार मोठे असू शकते. तेव्हा वकील निवडताना त्याने जखमीच्या धंद्याची बारकाईने विचारपूस केली की नाही, हे मी आधी पाहीन.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. भरपाईत टक्केवारीने वाटा मागण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. तरीही हा व्यवहार चालतो, कारण गरिबापाशी आगाऊ फी नसते. तेलंगणातील एका विधवेने पतीच्या अपघाताची भरपाई मिळाल्यावर वकिलाला जादा फीपोटी धनादेश दिला. तो न वटल्याने तिच्यावरच फौजदारी झाली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि निकालाच्या रकमेवर टक्केवारीने फी आकारणे लोकनीतीच्या विरुद्ध ठरवले. अशी मागणी झाल्यास संकोच न करता नकार द्यावा आणि फीचा करार लेखी मागावा. स्त्रिया, मुले आणि अपंग व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक तरतूद विशेष मोलाची आहे. पूर्वी अपघात जेथे झाला तेथेच अर्ज करावा लागे. १९९४ पासून अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणातही तो करता येतो. कुंभकोणमच्या यात्रेत जखमी झालेला पुण्याचा प्रवासी पुण्यात अर्ज करू शकतो. महामंडळाला तेथे यावे लागते. मात्र १९९४ साली काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा घातली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू केली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे; तरी अर्ज सहा महिन्यांच्या आत दाखल केलेला बरा.