सहा इंचांच्या बाईसाहेब

खेळणी घडवणाऱ्या त्या मुलानं फोनवर पहिला प्रश्न विचारला तो कपड्यांचा. "ताई, नऊवारी करू की पायजमा?"

राणी लक्ष्मीबाईंची ॲक्शन फिगर मी त्याच्याकडून खास करवून घेत होते. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते, माझ्या पत्त्यात राणीचं नाव आहे, आणि आसपासच्या कुठल्याही दुकानात तिची हात-पाय हलणारी प्रतिमा मिळत नाही. समोर दिल्ली हाट आहे, तिथं कोंडापल्लीच्या बाहुल्या आणि चन्नपट्टणची लाखकाम केलेली खेळणी नेहमी दिसतात. सुंदर असतात, पण ती पाहायची. मला हिच्या हातात तलवार द्यायची होती आणि ती उगारायचीही होती.

कपड्यांचं उत्तर विष्णुभट गोडसे यांच्याकडे होतं. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक चार पैसे मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. त्यांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापला. राणीला जवळून पाहिलेल्या मराठी माणसाचं हे लेखन. त्यात बाईसाहेब कधी बायकी पोषाखात दिसतात, कधी पायजमा घालून, कमरेला तलवार लावून. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भेटतात तेव्हा धुळीनं माखलेल्या, पठाणी वेषात. मी ती पानं मुलाला पाठवली. पायजमा ठरला.

मग पाठीवरचं मूल. चौकाचौकांतल्या पुतळ्यांवर ते तान्हं दिसतं. पण दामोदरराव १८५३ मध्ये दत्तक आला तेव्हाच पाचेक वर्षांचा होता. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी सोडताना तो चांगला मोठा मुलगा असणार. एवढं मूल पाठीशी बांधून घोडा फेकायचा, ही काय ताकद असेल! खेळणी घडवणाऱ्या मुलानं दामोदररावाला योग्य मापाचा केला आणि लगेच अडचण आली: बाईसाहेब मागे कलंडायला लागल्या. कमरेचा गोल सांधा ओझं पेलेना. त्यानं सांधा उघडला, गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर दिला, वाळू दिला, पुन्हा बसवला. सांधा घट्ट झाला. बाकी अंग एका जुन्या फिगरचं, चेहरा इपॉक्सी पुटीचा, हाताने कोरलेला, आणि तळहातात छोटं लोहचुंबक, म्हणजे तलवार निसटत नाही.

सांधा ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीत दोरीवर नाचणाऱ्या बाहुल्यांचा दृष्टांत येतो. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि मी सांगलीची, त्यामुळे विष्णुदास भावे आलेच. ५ नोव्हेंबर १८४३ ला चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं त्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, हे शाळेतलं पोर सांगेल. भाव्यांनी मान, हात, पाय हलतील अशा लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मराठी रंगभूमीचा जनक स्वतःच्या हातांनी खिळ्या आणि दोऱ्या बसवत होता! त्या बाहुल्या पुढे मोडकळीला आल्या. रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळत्या केल्या. या एका कामासाठी महाराष्ट्रानं त्यांचं ऋण मानावं.

पण या बाहुल्यांची दोरी खेळियाच्या हातात. मूल समोर बसून पाहणार. मुलाच्या हाती आला तो दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा. कुंभारानं साच्यातून काढलेला, रंगवलेला, भाल्यासकट एकाच जागी गोठलेला. आम्ही त्याला खंदकापासून बुरुजापर्यंत हलवायचो, पण त्याचा हात कधी वर झाला नाही.

हलणारा शिपाई मुलांच्या मुठीत आला तो कारखान्यातून. अमेरिकेत हॅस्ब्रोनं १९६४ मध्ये बारा इंची जी. आय. जो काढला, एकवीस हलणाऱ्या भागांची जाहिरात करत. मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून त्याला ॲक्शन फिगर म्हटलं. भारतात १९८७ मध्ये फनस्कूल सुरू झाली, आणि तिच्या गोव्याच्या कारखान्यामुळे हे परदेशी शिपाई आपल्या पोरांना परवडू लागले. माझा धाकटा भाऊ ते किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी उभे करायचा. महाराजांच्या गडावर अमेरिकी सैनिक पहाऱ्याला! आईला ते खटकायचं, मला मात्र त्यांच्या गुडघ्यांचा हेवा वाटायचा. आपल्या मावळ्याला असा गुडघा का नाही, हा प्रश्न माझा तेव्हापासूनचा आहे.

कारखान्याला तो गुडघा परवडत नाही, हे उत्तर आता मला पटतं. एका पोलादी साच्याचा खर्च हजारो नगांवर वसूल करावा लागतो. गोडसे भटजींच्या पानाबरहुकूम एक राणी कोण काढणार? ती एकट्यानं बसणाराच काढू शकतो, कुंभारासारखा, भाव्यांसारखा. म्हणून अशा मुलाशी भावात घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. त्याचे सहा आठवडे त्या चेहऱ्यात गेले आहेत.

खोकं आलं तेव्हा मी आधी कोपर वाकवून पाहिलं. काटकोनाच्याही आत येतं. मान वळते, मनगट फिरतं, दामोदररावाला बांधलेलं वस्त्र खरं रेशमाचं आहे आणि त्याची गाठ सुटते. घोडा अजून व्हायचा आहे. मुलाचा नवा प्रश्न कालच आला: "ताई, खोगीर देशी की गोऱ्यांच्या पलटणीतलं?" मी पुन्हा गोडसे काढून बसले आहे.