स्टुडिओतून खाडीकाठी

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तेव्हा मीरा-भाईंदर हे शहर म्हणून अस्तित्वात नव्हते. वसईची खाडी आणि उत्तनचा किनारा यांच्या बेचक्यात मिठागरे, शेते आणि आगरी-कोळी वस्तीची गावे होती, आणि तेथील ग्रामपंचायती एकत्र येऊन नगरपालिका होण्यास 1985 साल उजाडले. नेमक्या याच काळात मराठी स्त्रियांनी दूरदर्शनच्या निर्मितीकक्षात पाय रोवले, मात्र खाडीकाठचा निसर्ग त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही. याचे कारण त्यांच्या रुचीत शोधण्यापेक्षा केंद्राच्या कामाच्या रीतीत शोधणे अधिक योग्य ठरेल.

दूरदर्शनच्या परिभाषेत निर्माती म्हणजे भांडवल घालणारी व्यक्ती नव्हे. विषय सुचवणे, संहिता लिहून घेणे, पाहुणे ठरवणे आणि चित्रीकरणाच्या वेळी नियंत्रण कक्षात बसून कोणत्या कॅमेऱ्याचे दृश्य केव्हा घ्यायचे ते सांगणे, ही सारी जबाबदारी या पगारी पदावर असे. संस्कृतच्या अभ्यासक आणि रंगभूमीवरील कलावंत सुहासिनी मुळगावकर या पहिल्या पिढीतल्या निर्मात्या होत, आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमातून साहित्यिक व कलावंत प्रेक्षकांच्या घरात पोहोचले. ही कामगिरी लहान नव्हे. पण ‘सुंदर माझं घर’ या कार्यक्रमाच्या नावातच स्त्रियांसाठी आखलेल्या क्षेत्राची मर्यादा दिसते.

त्यात बाह्यचित्रीकरणाची अडचण होती. स्टुडिओबाहेरचे काम तेव्हा प्रामुख्याने 16 मिलिमीटरच्या फिल्मवर चाले, आणि 400 फुटांचे एक रीळ जेमतेम 11 मिनिटे पुरे. मिठागरात भरतीचे पाणी उथळ वाफ्यांतून फिरवत आटवले जाते आणि त्याला पावसाळा संपल्यापासून पुढच्या पावसापर्यंतचा हंगाम लागतो. उत्तनच्या कोळ्यांचे डोल जाळे, म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेले पिशवीसारखे जाळे, भरती-ओहोटीच्या प्रवाहावरच भरते. अशा विषयाला आठवड्याच्या वेळापत्रकात बसवणे कोणत्याही निर्मात्याला, पुरुषालाही, अवघडच होते. दिल्ली दूरदर्शनवर अनेक वर्षे काम केलेल्या सई परांजपे स्टुडिओबाहेर पडल्या, तेव्हा त्यांची वाटही ‘स्पर्श’सारख्या कथाचित्रपटाकडे गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हे चित्र पालटले ते हलके डिजिटल कॅमेरे आल्यावर, आणि तोवर खाडीकिनारा न्यायालयात पोहोचला होता. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली अंतरिम आदेशाने आणि 2018 साली अंतिम निकालाने राज्यातील कांदळवनांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांच्या राईंच्या, तोडीवर बंदी घातली. दुसरीकडे मिठागरांच्या जागेवर बांधकाम व्यावसायिकांचा डोळा होताच. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांचा ‘पाणजे: द लास्ट वेटलँड’ हा माहितीपट 2018 सालचा. उरण तालुक्यातील पाणजेची ही सुमारे 289 हेक्टरांची पाणथळ मुंबईच्या आग्नेयेला, तर भाईंदरची उत्तरेला. पण भरतीचे पाणी, चिखल, स्थलांतरित पक्षी आणि भरावाचे संकट दोन्हीकडे सारखेच असल्याने भाईंदरच्या अभ्यासकालाही हा माहितीपट शेजारचाच वाटावा. तो दूरदर्शनवर प्रसारित झाला, म्हणजे केंद्राच्या आत जे सहज घडत नव्हते ते बाहेर घडून पडद्यावर आले.

या बदलाची किंमतही नोंदवायला हवी. मुळगावकरांच्या पिढीला पगार, स्टुडिओ, तंत्रज्ञ आणि ठरलेली प्रसारणवेळ मिळाली, परंतु विषयाचे कुंपण पडले; आजच्या स्वतंत्र निर्मातीपुढे कुंपण नाही, पण पैसा उभा करण्यापासून वाहिनी शोधण्यापर्यंतचा सारा भार तिच्याच शिरावर येतो, आणि चिखलात पक्ष्यांची वाट पाहण्यात गेलेल्या दिवसांचे मानधन कुठल्याही अंदाजपत्रकात सहसा धरलेले नसते.