तीनशे आठवड्यांचा कायदा

पोलादाचा कारखाना म्हटला की डोळ्यांपुढे उभी राहते ती आग. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडॉक येथे, कार्नेगींची भट्टी १८७५ साली पेटली आणि त्या नदीकाठाला कारखान्यांची रांगच लागली. या आगीपासून माणसाला राखण्यासाठी जी वस्तू आणली, तिनेच पुढे त्याचा घात केला. ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज. ते जळत नाही, उष्णता अडवते. म्हणून वाफेच्या नळांवर त्याचा लेप, आणि कामगाराच्या हातात त्याचेच मोजे. मोजे झिजत, लेप उखडे, धूळ उडे. ती श्वासाबरोबर आत जाई आणि तेथेच राही.

ही धूळ घातक आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते, असे नव्हे. मेरीवेदर आणि प्राइस यांनी १९३० साली ब्रिटिश सरकारला तसा अहवाल दिला होता. पण अमेरिकेतील क्लॅरेन्स बोरेल या लेप देणाऱ्या कामगाराने ३३ वर्षे ही धूळ खाल्ली, ती फुप्फुसात विरघळून जाते अशाच समजुतीत!

आता कायद्याकडे वळू. पेन्सिल्व्हेनियाचा कामगार-भरपाईचा कायदा १९१५ चा. तो एक सौदाच होता : मालकाची चूक सिद्ध न करता कामगाराला ठरीव भरपाई मिळायची; मोबदल्यात त्याने मालकावर दावा लावायचा नाही. मग वकिलांनी मोर्चा वळवला तो माल पुरवणाऱ्यांकडे. धोक्याची सूचना न देणारा उत्पादक जबाबदार, असा निकाल बोरेलच्या खटल्यात १९७३ साली लागला. बोरेल तोवर हयात नव्हता. पुढे दाव्यांचा असा पूर आला की जॉन्स-मॅनव्हिल या बलाढ्य कंपनीने १९८२ साली दिवाळखोरीचा आश्रय घेतला. पीडितांसाठी तिच्या पैशातून निधी उभारावा लागला.

पण खरी मेख होती वेळेच्या हिशेबात. धुळीशी अखेरचा संबंध आल्यापासून ३०० आठवड्यांच्या आत रोग प्रकटला, तरच या कायद्याने भरपाई. म्हणजे पावणेसहा वर्षे! आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वर यायला लागतात ३० ते ५० वर्षे. कायदा करणाऱ्यांनी कोणत्या वैद्याला विचारले होते, कोण जाणे.

पोलाद उद्योगाला ॲस्बेस्टॉसचा माल विकणारा एक नोकरदार १९८२ साली त्या कामातून बाहेर पडला. रोगाचे निदान झाले २००७ साली, आणि वर्षाच्या आत तो गेला. भरपाई नाही, मालकावर दावाही नाही, कारण सौदा! 'टूई विरुद्ध एके स्टील' या खटल्यात २०१३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कोंडी फोडली. जो रोग कायद्याच्या मुदतीबाहेर पडतो तो सौद्याच्याही बाहेर, म्हणून मालकावर दावा चालेल, असे ठरले. दावा लावायची दोन वर्षांची मुदतही तेथे धूळ अंगात शिरल्यापासून नव्हे, तर रोग कळल्यापासून धरतात.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे वेळेचे गणित १९९५ सालीच ओळखले होते. अहमदाबादच्या एका ग्राहक-संस्थेच्या अर्जावर त्याने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना आज्ञा केली : प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामावर लागल्यापासून ४० वर्षे, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपून ठेवा.